ऐकणारी

अन्विता मगदूमला लिलावांचं वेड होतं. तिचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे कामाला होते, आणि शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर हळदीचे सौदे बघायला जायची. ढिगामागून ढीग, व्यापाऱ्यांचा घोळका, पुकारणाऱ्याचा खडा आवाज आणि अंगभर पिवळी धूळ. पुढे कॉलेजात अर्थशास्त्र घेतल्यावर तिला कळलं की आपण लहानपणापासून जे बघत आलो, त्याचंही एक शास्त्र आहे. त्या दिवसापासून तिला दुसरं काही करायचं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाला तिनं आणि वर्गातल्या शार्दूल माईणकरनं मिळून एक प्रकल्प केला. माल तोच, दिवस तोच, तरी सकाळी विकल्या जाणाऱ्या ढिगांना दुपारच्या ढिगांपेक्षा भाव जास्त का मिळतो? शार्दूलनं यार्डात बसून आकडे गोळा केले. कारण अन्वितानं शोधलं. ज्यांना मालाची निकड असते ते व्यापारी सकाळीच खरेदी करून बाजूला होतात; दुपारी उरतात ते निवांत, घासाघीस करणारे. लांबच्या गावांचा माल उशिरा उतरायचा, म्हणून तोटा दरवेळी त्याच गावांच्या वाट्याला यायचा. ढिगांचा क्रम रोज सोडत काढून ठरवा, एवढंच तिनं सुचवलं होतं.

त्यांच्या विभागप्रमुख डॉ. शैलजा उपाध्ये यांनी तो प्रकल्प वाचला आणि अन्विताला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही मॅडम. बघून बघून लक्षात आलं."

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "दिल्लीच्या संस्थेला अर्ज कर. शार्दूललाही करायला सांग. शिफारसपत्रं मी देते."

अर्थशास्त्राच्या पदवीधरांसाठी तो काळ अवघड होता. बँकांची, विमा कंपन्यांची, सांख्यिकी खात्यांची बरीचशी कामं यंत्रांनी घेतली होती. अंदाज बांधायला आता माणूस लागत नव्हता. उरल्या होत्या मोजक्या वाटा, आणि त्यांतली सगळ्यात मानाची होती बाजार-रचनाकाराची. वीज, पाणी, हवेत कर्ब सोडण्याचे परवाने, सगळंच लिलावानं वाटलं जाऊ लागलं होतं. त्या लिलावांचे नियम असे आखायचे की लबाडाला फायदा होऊ नये आणि गरजू डावलला जाऊ नये, हे काम अजून माणसंच करत होती. दिल्लीची संस्था त्यासाठी नावाजलेली होती. तिथं प्रवेश म्हणजे आयुष्य मार्गी लागलं असं समजायचे.

अन्विता आणि शार्दूल, दोघांनाही प्रवेश मिळाला. तोवर ते एकमेकांचे झाले होते. दोघांनी मिळून दिल्लीतल्या खोल्यांची भाडीसुद्धा बघून ठेवली होती.

आणि मग वाटाड्याचे अहवाल आले.

वाटाड्या हे राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांनी मिळून उभारलेलं यंत्र. त्याच्या पोटात एक अख्खं नकली राज्य होतं. प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक नोकरी, प्रत्येक कंपनी यांची एकेक आकडेरूप प्रतिकृती त्यात नांदत होती. या संगणकी माणसांना आवडीनिवडी होत्या, हट्ट होते, घरच्या अडचणी होत्या. वाटाड्या त्यांना पुढची वीस वर्षं जगायला लावायचा. एकदा नाही, हजारो वेळा. दरवेळी थोडा वेगळा योगायोग, थोडं वेगळं नशीब. हजारातल्या किती वेळा तुमची प्रतिकृती एखाद्या वाटेवर यशस्वी झाली, ती तुमची टक्केवारी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाच्या हाती हा अहवाल पडायचा. तो मानायची सक्ती नव्हती, पण जवळजवळ सगळे मानायचे, कारण वाटाड्या आल्यापासून शिकलेल्या मुलांची बेकारी निम्म्यावर आली होती.

शार्दूलच्या अहवालात बाजार-रचनेतल्या संशोधनापुढे लिहिलं होतं, एकसष्ट टक्के.

अन्विताच्या अहवालात, अकरा.

त्याखाली लिहिलं होतं: बँकेतील जोखीम-तपासणी, ब्याऐंशी टक्के.

ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. शार्दूल म्हणाला, "चल गं, यंत्राला काय कळतं. मला अकरा दिले असते तरी मी गेलोच असतो." हे तो मनापासून म्हणत होता, आणि ते खरंही होतं. शार्दूल कुणाचंच ऐकायचा नाही. पण अन्विता तशी नव्हती. शास्त्रावर तिचा विश्वास होता आणि शास्त्र शिकवणाऱ्या बाईंवर त्याहून जास्त.

ती मॅडमच्या घरी गेली. मॅडम वाटाड्याच्या सल्लागार मंडळावर होत्या, त्यांना यातलं सगळं ठाऊक असणार.

"मॅडम, हे बरोबर आहे का?"

मॅडमनी अहवाल हातात घेतला, पण बराच वेळ त्यावरची नजर पुढे सरकली नाही.

"यंत्र तुझा अपमान करत नाहीये, अन्विता. हुशारी ही एक गोष्ट झाली. एकटेपण सोसणं, पुनःपुन्हा नकार पचवणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आपल्याला स्वतःच्या स्वतःला दिसत नाहीत."

"मग मी जाऊ नये?"

"तुझ्या जागी मी असते, तर ऐकलं असतं."

अन्वितानं दिल्लीचा प्रवेश रद्द केला. घरी आईला हायसं वाटलं. शार्दूल चिडला, आठवडाभर बोलला नाही, आणि मग एकटा गेला.

*

तिचं काही वाईट झालं नाही. हे तिनं स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं. आधी सांगलीत आणि मग पुण्यात तिला एका बँकेत नोकरी लागली. कर्ज द्यायचं की नाही हे यंत्र ठरवायचं. कायद्यानं त्या निर्णयावर माणसाची सही लागायची, आणि ती सही अन्विताची असायची. वर्षातून चारदोनदा ती यंत्राचा निर्णय फिरवायची. बाकी दिवस सारखे जायचे.

शार्दूल पीएच.डी. करून परतला आणि त्यांनी लग्न केलं. तो बाजार-रचनेतला नावाजलेला माणूस झाला. घरी त्याचे सहकारी जेवायला यायचे, ताटावर वाद रंगायचे. अन्विता वाढता वाढता ऐकायची. कधी काही सुचलं तरी गप्प राहायची. तिला वाटायचं, अकरा टक्क्यांच्या माणसानं या गप्पांत पडू नये. हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण एखाद्याला लहानपणी सांगावं की तुझा आवाज चांगला नाही, आणि त्यानं न्हाणीघरातसुद्धा गुणगुणणं सोडून द्यावं, तसं तिचं झालं होतं.

एकदाच तिनं तोंड उघडलं. शार्दूल नीरेच्या खोऱ्यातल्या पाणी-लिलावात अडकला होता. बडे साखर कारखाने आपसांत संगनमत करून भाव पाडत होते, आणि ते कसं मोडायचं हे त्याला सुचत नव्हतं. तो कंटाळून भांडी विसळत होता.

"लिलाव कधी संपणार हे त्यांना आधी माहीत असतं ना?" अन्वितानं विचारलं.

"हो. पाच वाजता."

"मग सगळे पाचपर्यंत एकमेकांवर लक्ष ठेवून बसतात. कधी संपणार तेच सांगू नका. कुठल्याही क्षणी बंद होऊ शकतो म्हटलं की कुणाला दुसऱ्यावर विसंबून राहता येणार नाही."

शार्दूलच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. नळ वाहत होता. त्यानं मान वर केली नाही.

"असंच आपलं सुचलं," ती म्हणाली. "चुकीचं असेल."

"नाही," तो म्हणाला. "बघतो."

ती रचना पुढे राज्यभर लागू झाली. शार्दूलनं तिला नवी साडी आणली. ती का, हे त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

त्या पाणी-लिलावाच्या थोडं आधीच शार्दूल वाटाड्या चालवणाऱ्या संस्थेत रुजू झाला होता. यंत्राची पुढची आवृत्ती बांधायला त्यांना त्याच्यासारखाच माणूस हवा होता. उपाध्ये मॅडम आता त्या संस्थेच्या संचालक होत्या. अन्विताला आनंद झाला. मॅडम घरी येतील, म्हणाली. मॅडम काही आल्या नाहीत. दिवाळीला फोन मात्र यायचा.

*

नव्या कायद्यानं सगळ्या सरकारी यंत्रांना आपलं कामकाज लोकांपुढे उघड करणं भाग पडलं. त्यासाठी संस्थेनं पुण्यात एक जाहीर परिसंवाद ठेवला. मुख्य भाषण उपाध्ये मॅडमचं होतं.

"कंटाळशील तू," शार्दूल म्हणाला. "फार तांत्रिक आहे. आपण नंतर मॅडमना जेवायलाच बोलवू."

"मॅडमचं भाषण ऐकून किती वर्षं झाली."

"खरंच नको येऊस, अनू."

त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला जरा नवल वाटलं. तो सकाळीच गेला. तिनं बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला न सांगता सभागृहात मागच्या ओळीत जाऊन बसली.

मॅडम थकल्या होत्या, पण शिकवायची हातोटी तीच होती.

"आल्याचा भाव चढला," त्यांनी सुरुवात केली, "की पुढच्या वर्षी सगळे आलं लावतात. मग भाव पडतो. म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी कुणी लावत नाही, की पुन्हा चढतो. नोकऱ्यांचंही असंच होतं. आता समजा, एक यंत्र आहे. ते अचूक सांगतं की सध्या सगळ्यात चांगली वाट अमुक एक आहे. हे ऐकून सगळे त्याच वाटेला लागतात, आणि म्हणूनच ती वाट चांगली राहत नाही. अंदाज खरा होता. तो सांगितला म्हणून खोटा ठरला. वाटाड्याच्या पहिल्या वर्षी आमच्यापुढे हाच पेच होता. भविष्य कळणं ही अडचण नव्हती. ते सगळ्यांना सांगता येत नव्हतं."

मॅडमनी हातातला कागद बाजूला ठेवला.

"म्हणून आम्ही प्रश्न बदलला. प्रत्येकाचं काय होईल, असं यंत्राला विचारायचं नाही. कुणाला काय सांगितलं, तर सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होईल, हे विचारायचं. बहुतेकांना आम्ही खराच आकडा सांगितला. थोड्यांना बदललेला. एखाद्या वाटेवर जागा कमी आणि लायक माणसं जास्त झाली, की काहींना वळवावं लागतं. नाहीतर सगळेच पडतात."

एक तरुण उभा राहिला. "वळवायचं कुणाला, हे कसं ठरवलं?"

"जो वळेल त्याला," मॅडम म्हणाल्या. "जो ऐकणारच नाही, त्याला खोटा आकडा देऊन उपयोग काय? तो जायचा तो जाणारच. म्हणून प्रत्येकाची सल्ला मानण्याची शक्यता आम्ही मोजायचो. शिक्षकांकडून ती माहिती यायची. एक उदाहरण देते. एकाच वर्गातले दोन विद्यार्थी. हळदीच्या लिलावावर दोघांनी मिळून काम केलेलं. दोघंही उत्तम. त्या वर्षी बाजार-रचनेच्या वाटेवर गर्दी फार झाली होती. दोघांतल्या एकाला..."

त्या थांबल्या. मागच्या ओळीतली अन्विता त्यांना दिसली होती.

पहिल्या ओळीत बसलेल्या शार्दूलनं मॅडमच्या नजरेच्या रोखानं मागे वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा बघूनच अन्विताला सगळं समजलं. त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "एकाला वळवलं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे गेल्या. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी अन्विताकडे झुकून म्हटलं, "धाडस आहे हो बाईंचं, एवढं उघड बोलायला." ती हो म्हणाली.

*

तासाभरानं मॅडमच्या खोलीत त्या दोघीच होत्या. मॅडमनी तिला बसायला सांगितलं. ती बसली. बसल्यावर तिला वाटलं, उभंच राहायला हवं होतं.

"शार्दूल म्हणाला होता की तू येणार नाहीस. तुला असं कळायला नको होतं."

"कसं कळायला हवं होतं?"

मॅडमनी टेबलावरचे भाषणाचे कागद नीट लावले.

"मी तुमच्या घरी आले होते, मॅडम. मी यंत्राला विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

"तेव्हा तुला खरं सांगितलं असतं, तर तुझ्यासारख्याच विचारायला आलेल्या आणखी पाचजणींना मी काय सांगायचं होतं? त्या वर्षी गर्दी आवरली नसती, तर तुझ्यासकट कितीतरी मुलं तिशीपर्यंत बेकार फिरली असती. आम्ही ते चालवून पाहिलं होतं. हजारदा चालवून पाहिलं होतं."

"ते मला समजलं. मीसुद्धा अर्थशास्त्रच शिकलेय." अन्विताचा आवाज शांत होता, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं. "मी ऐकेन, हे यंत्राला कुणी कळवलं?"

"शिक्षकांना एक गुण भरावा लागायचा."

"तुम्ही मला किती दिलात?"

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. "दहापैकी दहा."

मग मॅडम बोलू लागल्या, शिकवताना बोलायच्या तशा, सावकाश. आता कायदा बदललाय. वळवलेल्या लोकांसाठी शिष्यवृत्ती ठेवलीय. अन्विताचं नाव पहिलं आहे, त्यांनी स्वतः सुचवलं आहे. वय काही फार झालेलं नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "तू दुःखात तर नव्हतीस ना गं? नोकरी आहे, घर आहे. मी दिवाळीला फोन करायचे तो तेवढ्यासाठीच. तू बरी आहेस हे ऐकायला."

अन्विताच्या ओठावर शब्द आले होते, जाऊ द्या मॅडम. ते इतके सहज आले होते की ती स्वतःच दचकली. तिनं विचारलं, "आज हे उघड करायच्या आधी, लोक काय करतील तेही चालवून पाहिलं असेल ना तुम्ही?"

"हो."

"मी काय करीन असं निघालं?"

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. "माफ करशील, असं."

अन्विता उठली. नमस्कार न करता ती खोलीबाहेर पडली. मॅडमच्या खोलीतून ती अशी पहिल्यांदाच निघाली होती.

*

शार्दूल घरी तिची वाट पाहत होता. जेवणाच्या टेबलापाशी बसला होता, अंगावर परिसंवादाचेच कपडे.

"किती दिवस माहीत होतं?" तिनं विचारलं.

"संस्थेत गेलो तेव्हापासून. तीन वर्षं."

"तीन वर्षं."

"सांगणार होतो. रोज ठरवायचो. गोपनीयतेची अट होती, सही केली होती मी..."

"शार्दूल."

तो थांबला.

"तू कुणाचं ऐकत नाहीस. शाळेत मास्तरांचं ऐकलं नाहीस, दिल्लीत संचालकांचं ऐकलं नाहीस. एका सहीसाठी तू बायकोपासून काही लपवशील, हे मला पटत नाही. खरं काय ते सांग."

त्यानं टेबलावर ठेवलेले हात खाली घेतले. उन्हं भिंतीवर तिरपी आली होती.

"मी दोघांचे खरे आकडे पाहिले," तो म्हणाला. "बदलायच्या आधीचे. माझा अहवाल बदललेलाच नव्हता. एकसष्ट होता, तोच मला सांगितला. तुझा एकोणऐंशी होता."

ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"मी मागे राहिलो असतो तर चाललं असतं. उलट बरं झालं असतं. पण मी ऐकलं नसतं, म्हणून त्यांनी तुला थांबवलं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "लग्नानंतर इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला सांभाळून घेतोय. तुला जमलं नाही, मला जमलं, तरी मी कधी ते जाणवू दिलं नाही. मला त्याचा अभिमान होता, अनू. मग तो आकडा पाहिला. त्यानंतर तुझ्यापुढे उभं कसं राहायचं, ते मला कळेना."

"पाण्याच्या लिलावाचं मी सांगितलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी म्हणाले, चुकीचं असेल."

"हो."

"आणि तू मला म्हणू दिलंस."

शार्दूल रडू लागला. अन्वितानं त्याला रडताना क्वचितच पाहिलं होतं, आणि एरवी ती उठून त्याच्याजवळ गेली असती. ती समोरच्या खुर्चीत बसून राहिली. मॅडमनी जे केलं ते हजारो मुलांसाठी केलं, असं निदान म्हणता तरी येत होतं. यानं जे केलं त्यात ती दोघंच होती.

"सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी तुला काय केलं असतं? हसले असते?"

"नाही."

"मग?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आत जाऊन बॅग भरायला घेतली. तो दारात येऊन उभा राहिला. "मी काय करू सांग," म्हणाला. "तू म्हणशील ते ऐकतो." त्याच्या तोंडून हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि आता त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

*

शिष्यवृत्ती तिनं घेतली नाही. कायद्यानुसार जी जाहीर सुनावणी झाली, तिथं ती उभी राहिली आणि तिनं एकच मागणी केली. ज्यांना ज्यांना वळवलं, त्या प्रत्येकाला त्याचा खरा आकडा कळवावा. भरपाई नको. माफी नको. आपण कमी होतो म्हणून मागे राहिलो नाही, एवढं त्यांना कळू दे.

संस्थेच्या वकिलांनी विरोध केला. हे केलं तर वाटाड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं ते म्हणाले. सुनावणी घेणाऱ्या समितीनं मागणी मान्य केली, आणि वकील म्हणाले होते तसंच झालं. त्या वर्षीच्या मुलांनी अहवाल न वाचता फेकून दिले. सगळ्यांची झुंबड एकाच वाटेवर उडाली आणि दोन वर्षांत त्या वाटेवर बेकार मुलांची रांग लागली. तिच्या आतेबहिणीच्या मुलीचं नावही त्या रांगेत होतं. आतेबहीण तिला फोनवर म्हणाली, "तुझं गेलं ते गेलं. आमच्या पोरीचं का घालवलंस?" अन्विता ऐकून घेत राहिली.

काही अनोळखी माणसंही भेटायला यायची. चंद्रपूरचे एक गृहस्थ आले होते. विम्याच्या ऑफिसात नोकरी, डोक्यावरचे केस गेलेले. खरा आकडा कळल्यावर त्यांनी तो बायकोला दाखवला, मुलांना दाखवला, आणि मग काय करायचं ते न सुचून इतक्या लांब अन्विताकडे आले होते. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, मी मठ्ठ आहे." एवढंच. परत जायला निघाले तेव्हा दारातच थोडा वेळ घुटमळले.

उपाध्ये मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचं एक लांबलचक पत्र आलं होतं. अन्वितानं ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसली. पण "आदरणीय मॅडम" याच्या पुढे तिला लिहिता आलं नाही, आणि दुसरा मायनाही सुचला नाही. शार्दूल नोकरी सोडून सांगलीला गेला, त्याच कॉलेजात शिकवू लागला. नीरेच्या लिलावाची कल्पना कुणाची, हे त्यानं जाहीरपणे लिहिलं. महिन्यातून एकदा तो पुण्यात यायचा, दोघं कुठंतरी बसून जेवायची. तो परत येण्याबद्दल विचारायचा. ती म्हणायची, "अजून नाही." नाही म्हणायला ती शिकत होती, पण तिला ते नीट जमत नव्हतं.

चाळिशीला थोडी वर्षं उरली असताना तिनं हैदराबादच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला. मुलाखतीला तिघेजण होते. मधे बसलेल्या बाई तिच्याहून तरुण होत्या. त्यांनी कागद चाळले.

"तुमच्या अर्जाला वाटाड्याचा अहवाल जोडलेला नाही. नवी आवृत्ती आता पूर्ण उघड असते. काही लपवलेलं नसतं."

"मला माहीत आहे."

"तरी काढला नाहीत?"

"नाही."

"का?"

अन्वितानं जरा विचार केला. "माझ्याबद्दल कुणी काही सांगितलं की मला ते खरं वाटतं," ती म्हणाली. "अजूनही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. शेजारचे वयस्क प्राध्यापक पेन फिरवत होते, ते थांबले. कुणी काही लिहून घेतलं नाही. मग त्या प्राध्यापकांनी समोरच्या फळ्याकडे बोट दाखवून एक प्रश्न घातला: एका गावात तीनच खरेदीदार आहेत, तिघंही एकमेकांचे सोयरे. तिथं लिलाव कसा लावाल?

ती उठली. फळ्यापाशी जाऊन तिनं तीन वर्तुळं काढली, आणि बघणाऱ्यांकडे पाठ करून क्षणभर तशीच उभी राहिली. उत्तर तिला दिसत होतं. चुकीचं असेल, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं आणि बोलायला सुरुवात केली.